कलिंगडाचे दहिवर

जिंग दाछंगचा आवाज बसला, ही बातमी खाऱ्या तळ्याकाठच्या गावांत पसरायला एक सकाळ पुरली. दुसऱ्या कुणाचा बसला असता तर शेजारच्या घरालाही पत्ता लागला नसता. पण दाछंग होता पुकाऱ्या. लग्न असो, मयत असो, नव्या घराची तुळई चढवायची असो, अंगणाच्या मधोमध उभे राहून कोणी आधी यायचे, कोणी मागून, कोणाला वाकायचे, हे तो खड्या आवाजात पुकारत असे. त्याने 'वाका' म्हटले की गावचा प्रमुखही मुकाट वाके. आता त्याने 'हुश्श' म्हटले तर अंगणातली कोंबडीसुद्धा बाजूला होत नव्हती.

दोष त्याचाच होता. एका आठवड्यात एक मयत आणि दोन लग्ने त्याने अंगावर घेतली, आणि मधल्या वेळात लाल मिरचीच्या शेवया आणि कडक दारू. घसा सुजला, तोंड आतून फोडांनी भरले. दवाखान्यातल्या डॉक्टरणीने बॅटरी मारून पाहिले, गोळ्या दिल्या, गुळण्या सांगितल्या आणि बजावले, "महिनाभर एक शब्द बोलायचा नाही."

"डॉक्टरीणबाई," सूशिन, म्हणजे दाछंगची बायको, म्हणाली, "हे मी लग्न झाल्यापासून सांगतेय. तुम्ही सांगितलंत ते बरं झालं, तुमचं तरी ऐकतील."

दाछंग हसला नाही. घरी परत येताना सगळा रस्ता तो खाली मान घालून चालला. अंगणात आल्यावर त्याने मधल्या भिंतीकडे बोट केले आणि घशातून कसाबसा एक शब्द काढला, "श्याओमान."

सूशिनला पुढचे काही विचारावे लागले नाही. भिंतीपलीकडे त्याचा धाकटा भाऊ अरशुन राहत होता, आणि अरशुनची एकुलती एक मुलगी श्याओमान हिचे लग्न थंडी पडायला लागल्यावर, म्हणजे अगदी तोंडावर आले होते. जावई घरजावई येणार होता, वरच्या गावचा सुतार. त्यामुळे सगळे विधी ह्याच अंगणात. घरजावई म्हटला की गावाच्या जिभेला हाड नसते. अशा वेळी अंगणात घरच्याच माणसाचा भारदस्त आवाज हवा, की टवाळखोरांची तोंडे आपोआप मिटावीत.

"बोलावलंय का आपल्याला कुणी?" सूशिनने विचारले. बोलल्यावर तिचे तिलाच वाईट वाटले. दाछंग आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजला.

ती मधली भिंत काही वडिलोपार्जित नव्हती. म्हातारे जिंग, म्हणजे ह्या दोघांचे वडील, गेले त्या वर्षीची ती. त्यांच्या अंत्यविधीला पुकारा दाछंगनेच केला होता. नातेवाईक एकेक करून पुढे येत, शवपेटीपुढे डोके टेकवत आणि बाजूला होत. सुनांची पाळी आली. सूशिनचे नाव पुकारले गेले, ती गेली, वाकली. मग धाकटीचे, पेइलानचे नाव. दाछंगने तोंड उघडले, मिटले, आणि तो थेट पुढच्या नावावर गेला.

सुतकाचे पांढरे कपडे घालून पेइलान भर अंगणात एक पाऊल पुढे टाकून उभी राहिली होती. ते पाऊल तिला मागे घ्यावे लागले, आणि ते साऱ्या गावाने पाहिले.

म्हाताऱ्याचे शेवटचे दुखणे पेइलाननेच काढले होते. वाटी तिने धरली, अंथरूण तिने धुतले. तिचे नाव ओठांवर आले तेव्हा दाछंगला ती वाटी आठवली आणि त्याचा गळा दाटला. सूशिन जवळच उभी होती, नवऱ्याच्या गळ्याची घाटी वरखाली होताना तिने स्वतः पाहिली होती. पण विधी अडू नये म्हणून त्याने नाव गाळले, आणि नंतर त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. पुकाऱ्याला भर अंगणात रडू कोसळले असे कबूल करण्यापेक्षा त्याने सख्ख्या भावाशी वैर पत्करले. पुरुषांचे हे असले शहाणपण सूशिनला कधी कळले नाही, आणि कळून घ्यायची तिची इच्छाही नव्हती. तिने स्वतः सांगायचा एकदा प्रयत्न केला होता, तर पेइलान म्हणाली होती, "तुमच्या नवऱ्याच्या तोंडून ऐकेन, जाऊबाई. तुम्ही नका वकिली करू."

मग वाटणी झाली. वाटणीला मामा बसले, रिवाजाप्रमाणे. मामांनी कुणावर अन्याय होऊ दिला नाही. खोल्या सारख्या, झाडे सारखी, जाते थोरल्याला तर शिडी धाकट्याला. माठ थोरल्याकडे आला, आणि घरामागची उत्तरेची बोळ धाकट्याकडे गेली. मामा दुसऱ्या गावचे. त्यांना काय ठाऊक, की ह्या घरात माठ आणि बोळ ही एकच वस्तू होती!

म्हातारे जिंग शरद ऋतूत कलिंगडाचे दहिवर काढत. आदल्या हिवाळ्यात, कडाक्याच्या थंडीत तळ्यावर कडू खाराची फुले धरत, ती ते खरवडून आणत, मुळ्याच्या चकत्यांबरोबर उकळून निवळून घेत. औषधवाले त्याला मांगशियाओ म्हणतात. गावात नुसताच खार म्हणत. शेवटची कलिंगडे पिकली की ती सालीसकट चिरायची, फोडींचा एक थर आणि खाराचा एक थर असा माठ भरायचा, तोंड बांधायचे आणि माठ उत्तरेच्या बोळीत दोराने टांगायचा. माठ जुना, झिलई नसलेला. बोळीतून डोंगरावरचा कोरडा वारा सतत वाहणारा. काही दिवस गेले की माठाच्या पोटावर बाहेरून पांढरी लव फुटायची. खार कलिंगडाचा रस पिऊन मातीतून पाझरून बाहेर येई. म्हातारे ती लव कोंबडीच्या पिसाने कागदावर झाडून घेत. घसा सुजो, हिरड्या फुगोत, तोंड येवो, चिमूटभर दहिवर गव्हाच्या काडीत भरायचे आणि दुसऱ्याने फुंकून घशात सोडायचे. थंडगार लागते, मग खारट, मग कडू. दाछंगचा घसा सगळ्या पुकाऱ्यांत टिकला तो ह्या दहिवरावर, असे म्हातारे लोकांना सांगत. खरे-खोटे देव जाणे, पण दाछंगचा त्यावर विश्वास होता.

वाटणीनंतरच्या पहिल्याच वर्षी सूशिनने तोच माठ भरून आपल्या दक्षिणेच्या अंगणात टांगला. ऊन खाऊन आतले कलिंगड आंबले आणि तळातून चिकट पाणी ठिबकले. माश्या आल्या. पलीकडे पेइलानने बाजारातून तपकिरी झिलईचा चकचकीत माठ आणला आणि बोळीत टांगला. झिलईतून काय पाझरणार, कपाळ? माठ शेवटपर्यंत तसाच चकचकीत राहिला. दोघींनी एकमेकींची फजिती वेशीपर्यंत पोचवली. तेव्हापासून घरात दहिवर नव्हते. सूशिन खार मात्र दर हिवाळ्यात आणत राहिली. मूल अंगावरून तोडणाऱ्या बायका दूध आटवायला पुरचुंडीत बांधून छातीवर ठेवायला तो घेऊन जात, तेवढाच उपयोग.

दुकानात दहिवराची तयार बाटली मिळत होती. सूशिनने ती आणली. दाछंगने एकदोनदा घेतली, फोड थोडे उतरले. मग त्याने ती खिडकीत ठेवली ती ठेवलीच. "बाबांचं…" एवढेच तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. त्याला काय हवे आहे ते सूशिनला कळत होते. ते बाटलीत मिळत नव्हते.

दोन दिवसांनी गिरणीवर श्याओमान भेटली. ही पोर भिंत होण्याआधी सूशिनच्याच मांडीवर वाढलेली. आजूबाजूला पाहून ती हळूच म्हणाली, "मोठ्याई, बाबा तालुक्याहून भोंगेवाला आणणार आहेत."

"भोंगेवाला?"

"पुकारायला. माइकवर. परवाच्या लग्नात त्याने नवऱ्यामुलाचं नाव चुकवलं, आणि वर गाणं लावलं." तिचा चेहरा रडवेला झाला. "मला मोठ्या बाबांचा आवाज हवाय. लहानपणी मी बाहुल्यांचं लग्न लावायचे तेव्हासुद्धा तेच पुकारायचे. बाबा येतील हो बोलवायला. आई येऊ देत नाही. म्हणते, ज्याने माझं नाव गिळलं त्याच्या तोंडून माझ्या लेकीचं नाव मला ऐकायचं नाही."

"आणि तुझ्या मोठ्या बाबांच्या तोंडून सध्या स्वतःचं नावसुद्धा निघत नाहीये," सूशिन म्हणाली. "पीठ सांडतंय बघ तुझं."

घरी आल्यावर ती माठापुढे बसून राहिली. माठ कोपऱ्यात पालथा पडला होता. तो उचलून नेऊन पेइलानच्या बोळीत टांगला की काम झाले, इतके सोपे होते. आणि तेच करता येत नव्हते. औषधाचे भांडे आपण होऊन कुणाच्या दारी न्यायचे नाही, हा तिकडचा रिवाज. नेणारा दुखणे नेतो. ज्याला गरज आहे त्याने स्वतः येऊन न्यायचे, आणि परतही करायचे नाही. पुढच्या आजाऱ्याने तिथून न्यायचे. लग्नघरी औषधाचा माठ घेऊन जाणे म्हणजे तर नवरीच्या तोंडावर शिव्या घालण्यासारखे. आणि पेइलान तो मागायला येणार कशाला? तिच्या घरात सगळे ठणठणीत होते.

"औषधाचं भांडं नाही न्यायचं," सूशिन स्वतःशीच म्हणाली. "मग औषधाचं नसलेलं नेऊ."

तिने माठ राखेने घासला, गरम पाण्याने धुतला, उन्हात वाळवला. दाछंग दारातून पाहत होता. त्याने भुवया उंचावून विचारले.

"तुम्हाला डॉक्टरीणबाईंनी गप्प बसायला सांगितलंय. भुवयाही गप्प ठेवा."

माठाच्या तळाशी तिने खाराची पुरचुंडी ठेवली. वर सुकी लाल बोरे, अक्रोड, भुईमुगाच्या शेंगा, नवरीला द्यायचे सगळे शकुनाचे. गळ्यापर्यंत भरल्यावर तोंडावर लाल कागद बांधला, पोटावर आणखी एक लाल कागद चिकटवला. मग तिने माठावरून हात फिरवला. हा माठ गेला तर गेला. सासऱ्यांच्या हातची, बोळीतल्या वाऱ्याची सवय असलेली ती एकच वस्तू तिच्याकडे उरली होती. पेइलानने उद्या त्यात कोंबडीचा दाणा भरला तरी सूशिनला काही बोलता येणार नव्हते.

गल्लीत फान आजी पायरीवर बसून उन्हात दात कोरत होती. तिच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते.

"अगं बाई! औषधाचा माठ घेऊन लग्नघरी?"

"औषधाचा कुठला, आजी? बोरांचा आहे. लाल कागद दिसत नाही का?"

"कागद दिसतो. माठही दिसतो."

"मग एकच डोळा उघडा ठेवा," असे म्हणत सूशिन पुढे गेली. पाच-सहा वर्षांत त्या दरवाजातून ती आत गेली नव्हती. उंबरा ओलांडताना पाय जड झाला, ते काही माठाच्या वजनाने नव्हे.

पेइलान अंगणात कणकेचे गोळे घेऊन बसली होती. लग्नासाठी वाफवायचे पाव वळत होती, काहींची फुले, काहींचे पक्षी, पक्ष्यांना काळ्या चवळीचे डोळे. सूशिनला पाहून तिचे हात थांबले.

"जाऊबाई. रस्ता चुकलात?"

"नवरीला बोरं आणली. मोठी काकू आहे तिची. तेवढा हक्क वाटणीत गेला नाही ना?"

पेइलानने माठाकडे पाहिले. "माठ ओळखीचा वाटतो."

"असेल. माठासारखे माठ असतात."

"बोरं ओतून घेते. माठ घेऊन जा."

"भेट दिलेली वस्तू मी परत नेत नाही."

"असं?" पेइलान उठली, पिठाचे हात कमरेवर ठेवले. "मग बरं झालं. मुळ्याच्या लोणच्याला मला मोठं भांडं हवंच होतं. लग्नाला माणसं पुष्कळ यायची आहेत. जी बोलावली आहेत ती."

सूशिनच्या तोंडात उत्तर आले होते, चांगले झणझणीत. ते तिने गिळले. मागे बोळीच्या तोंडाशी तो झिलईचा माठ अजून टांगलेला दिसत होता, चकचकीत आणि कोरडा. त्याबद्दलही बोलायची जिभेला खाज सुटली होती. तीही तिने दाबली. एका दिवसात एवढे शब्द तिने उभ्या आयुष्यात गिळले नव्हते. "घाल लोणचं," ती म्हणाली, "पण पक्ष्यांच्या चोची जरा दाब, वाफेत फुगतील." आणि घरी आली.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडे सुरीचा आवाज आला, फळीवर काहीतरी भराभर चिरल्याचा. सूशिन भिंतीला कान लावून उभी राहिली. कलिंगड असेल. कलिंगडच असेल. दुपारी वारा फिरला आणि भिंतीवरून वास आला: आंबट शिरका, मिरची आणि मुळा.

मुळ्याचे लोणचे. त्या माठात आता शिरका मुरला की तो औषधाच्या कामातून कायमचा उठला. म्हाताऱ्याने किती वर्षे त्याला दुसऱ्या कशाचा वास लागू दिला नव्हता! तिला पेइलानचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला, आणि मग नुसतेच रडू आले. दाछंग बाहेर आला तेव्हा ती कांदे चिरत होती. कांद्यांचा चांगला बहाणा मिळतो.

थंडी वाढली. पलीकडे मांडव घालण्याचे ठोके ऐकू येऊ लागले. दाछंगच्या घशातली सूज उतरू लागली होती, पण तो जेवत नव्हता, नीट झोपत नव्हता. लग्नाच्या दिवशी तालुक्याच्या बाजाराला जाऊ, असे त्याने खुणेने सुचवले. म्हणजे अंगणात बसून भिंतीपलीकडचा भोंगा ऐकायला नको. सूशिनने होकार दिला. बाजारात तिला काहीही घ्यायचे नव्हते.

आणि एका सकाळी, छपरांवर पहिले दहिवर पडले होते तेव्हा, भिंतीपलीकडून पेइलानचा आवाज आला. पेइलानचा आवाजही काही लहानसहान नव्हता. तिला कुणी कधी पुकारायला उभे केले नाही एवढेच.

"घसा कुणाचा बसलाय? ज्याचा बसलाय त्याने इकडे यावं! आमच्यात औषध कुणी दारी नेऊन देत नाही. ज्याला दुखतंय त्याने आपल्या पायांनी येऊन घ्यावं! आणि लवकर यावं, वारा वाढला तर सगळं झडून जाईल!"

सूशिनच्या हातातला कुंचा खाली पडला. दाछंग उंबऱ्यात उभा होता. त्याने आत जाऊन पुकाऱ्याचा निळा लांब कोट घातला, गुंड्या खालीवर लावल्या. सूशिनने त्या नीट करून दिल्या.

गल्लीत फान आजी दोन्ही डोळे उघडे ठेवून बसली होती. दरवाजात अरशुन उभा होता. दोघे भाऊ समोरासमोर आले आणि दोघांनीही जमिनीकडे पाहिले. शेवटी अरशुन म्हणाला, "ये, दादा. बोळीत."

बोळीत पोचल्यावर सूशिन थबकली. तिचा माठ दोराला टांगलेला होता, आणि त्याच्या पोटावर, गळ्याला, तळाशी पांढरी लव फुटली होती, इतकी दाट की खालची माती दिसत नव्हती. वाऱ्याने ती हलके हलत होती. झिलईचा माठ खाली भिंतीशी होता, तोंडावर दगड ठेवलेला. त्यातून लोणच्याचा वास येत होता.

"त्या माठात लोणचं घातलंस होय!" सूशिनच्या तोंडून निघून गेले.

"मग काय ह्यात घालणार होते? मला वेड लागलंय?" पेइलान फणकारली. "आणि तुम्हाला खरंच वाटलं मी ह्यात घालीन? वाटलं ना? चेहऱ्यावर दिसतंय." मग जरा थांबून, खाली बघून म्हणाली, "बोरं ओतली तर तळाशी खाराची पुरचुंडी. श्याओमानला अंगावरून तोडलं तेव्हा तुम्हीच अशी पुरचुंडी माझ्या छातीवर बांधली होती. गाठसुद्धा तीच. तुम्हाला दुसरी गाठ येतच नाही."

सूशिनने पेइलानचा हात धरला. पेइलानने तो लगेच सोडवून घेतला नाही.

अरशुनने कोंबडीचे पीस घेतले आणि माठावरून हलकेच फिरवले. कागदावर पांढरा चुरा सांडला. म्हातारे फुंकत तेव्हा काडी भरून द्यायचे काम अरशुनचे असे. आज भरायचेही त्याने आणि फुंकायचेही त्यानेच. दाछंग लाकडी ठोकळ्यावर बसला, मान मागे टाकली आणि तोंड उघडले. दवाखान्यात आणि बापापुढे उघडले असेल तसे, डोळे मिटून.

अरशुनने जोरात फुंकले. बापाचा अंदाज त्याला कुठला असायला! सगळे दहिवर घशात, टाळ्याला, नाकात गेले. दाछंगला असा ठसका लागला की तोंडातून पांढरा ढग बाहेर पडला आणि अरशुनच्या मिशा पांढऱ्या झाल्या. मग अरशुनला हसू फुटले, दाछंगला आवाज नसलेले हसू फुटले, खांदे गदगदा हलणारे, आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागले.

पेइलान हसली नाही. ती त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. "भावोजी, एक विचारते. बोलू नका, मान हलवा. त्या दिवशी, मामंजींच्या पेटीपुढे. माझं नाव आलं तेव्हाही घसा असाच बंद झाला होता?"

दाछंगने होकारार्थी मान हलवली. एकदा हलवली, आणि मग ती वर केलीच नाही.

"मग सांगायचं नाही?" तिचा आवाज चिरकला. "एवढी वर्षं? मी समजत राहिले की तुम्ही मला…" पदर नव्हता, पिठाच्या बाहीनेच तिने डोळे पुसले आणि गालावर पीठ लागले.

"भोंगेवाल्याला नको म्हणून सांगतो," अरशुन दाछंगला म्हणाला. मग त्याला रिवाज आठवला. तो सरळ उभा राहिला, कपडे झटकले आणि मोठ्या भावापुढे कमरेत वाकला. "दादा, लेकीचं लग्न आहे. तू ये आणि पुकार."

दाछंगने घशावर हात ठेवून नाही अशी मान हलवली. आवाज येईल की नाही सांगता येत नाही, असा त्याचा अर्थ होता.

"येईल तसं येऊ दे," पेइलान म्हणाली. "घोगरं पुकारा, कुजबुजून पुकारा. पण आजपासून लग्नापर्यंत एक शब्द नाही. रोज सकाळी इथे यायचं, तोंड उघडायचं, आणि परत जायचं. आणि फुंकणार मी. ह्यांच्या हातात काडी दिली तर लग्नाआधी आणखी एक मयत पुकारावी लागेल."

तसेच झाले. रोज सकाळी दाछंग निळा कोट घालून त्या दरवाजातून आत जाई आणि कोटावर पांढरे ठिपके घेऊन परत येई. सूशिनही मागोमाग जाई, पक्ष्यांच्या चोची दाबायला.

लग्नाच्या दिवशी कोरडे ऊन पडले. अंगण माणसांनी भरले, भिंतीवरही पोरे बसली. घरजावयाची गंमत करायला आलेले टवाळ मागे उभे होते. दाछंग मधोमध आला, त्याने सगळीकडे एकदा पाहिले आणि पुकारले, "आकाशाला, धरतीला, वाका!"

आवाज जुना नव्हता. कडेला चिरलेला, जड, मधूनच खरखरणारा. पण तो भिंतीपर्यंत पोचला, भिंतीपलीकडेही गेला. टवाळ गप्प झाले. श्याओमान आणि तिचा सुतार वाकले. पूर्वजांना वाकले. मग दाछंगने अरशुनचे नाव पुकारले. अरशुन येऊन खुर्चीवर बसला, इतका ताठ की जणू खुर्ची उधार आणली आहे.

आता आईची पाळी. पुकाऱ्याने नुसते 'वधूची आई' म्हटले तरी चालते. बहुतेक तेवढेच म्हणतात. दाछंगने तोंड उघडले आणि मिटले. त्याच्या गळ्याची घाटी वर गेली आणि तिथेच अडकली.

अंगणातल्या म्हाताऱ्या माणसांना तो अंत्यविधीचा दिवस आठवला असावा, कारण कुणी खोकलेसुद्धा नाही. मांडवाच्या खांबाशी पेइलान उभी होती, नवा तपकिरी कोट घालून, एक पाऊल पुढे टाकलेले.

पण ह्या वेळी दाछंग पुढच्या नावावर गेला नाही. तो थांबला. अंगणभर माणसे ताटकळत असताना, भर उन्हात, डोळ्यांतले पाणी न पुसता तो नुसता उभा राहिला. एकदा गिळले, पुन्हा गिळले. आवाज येईपर्यंत त्याने सगळ्या गावाला थांबायला लावले. आणि मग तो आला.

"जिंग घराण्याची धाकटी सून! आमच्या वडिलांचं शेवटचं दुखणं जिने काढलं ती! दोंग! पेइलान!"

डोंगराने माहेरच्या आडनावासकट नाव परत दिले. पेइलान खुर्चीकडे निघाली आणि अर्ध्या वाटेत थांबली.

"ऐकू आलं, भावोजी!" ती म्हणाली. "एवढं ओरडायला मी काही बहिरी नाही. घसा जपा."

सगळे अंगण हसले. ती खुर्चीत बसली आणि ओंजळीत तोंड लपवून रडू लागली. श्याओमान तिच्यापुढे वाकली.